विश्लेषण : मोबाइलवर ‘शिरोड्याच्या किनाऱ्यावर’ नीट कोणामुळे उमटते? ओपन सोर्सचा ‘फुकट’ कारभार चालतो कसा?

फोनमधली मराठी नीट दिसते ती बऱ्याच अंशी ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जिवावर. हे सॉफ्टवेअर कोणालाही घेता येते, बदलता येते. पण त्यात काय जाईल आणि काय जाणार नाही, हे ठरवणारी माणसे मोजकी असतात. ती थकली की काय होऊ शकते, याची चुणूक मार्च २०२४ मध्ये जगाला मिळाली.

‘शिरोड्याच्या किनाऱ्यावर’ या दोन शब्दांत असे काय आहे?

वेंगुर्ला तालुक्यातील शिरोड्याला सुट्टीसाठी गेलेला कोणी वेळागरच्या समुद्राचा फोटो काढतो, खाली ‘शिरोड्याच्या किनाऱ्यावर’ असे लिहितो आणि घरच्या ग्रुपवर पाठवतो. दोनच शब्द, पण फोनसाठी ते सोपे नाहीत. पहिलेच अक्षर ‘श’. मराठीचा देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हिंदी पुस्तकांतल्या रूपांपेक्षा वेगळे. राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेबाबतच्या निर्णयातही याच रूपांचा आग्रह आहे. दुसऱ्या शब्दातला ‘ऱ्या’ तर आणखी अवघड. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही, मराठीला पडते, कारण आपल्याकडे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फोनने दोन्ही सारखेच दाखवले तर कोकणच्या वर्णनात समुद्र कुठला आणि घाट कुठला, हेच कळणार नाही.

हे दोन शब्द पडद्यावर येईपर्यंत चार हातांतून जातात. कीबोर्ड प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला क्रमांक पाठवतो. हे क्रमांक युनिकोड या जागतिक प्रमाणात ठरलेले आहेत. मग अक्षरांची जुळणी करणारा प्रोग्रॅम कोणता ‘र’ रफार व्हायचा, कोणता अर्धा राहायचा आणि वेलांटी कुठे बसायची हे ठरवतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांत हे काम ‘हार्फबझ’ नावाचा एकच प्रोग्रॅम करतो. शेवटी फॉन्ट त्या अक्षराचे चित्र पुरवतो. अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी. चौथा हात ॲपचा. मजकूर मराठी आहे, हे त्याने सांगितले नाही तर फॉन्ट आपला नेहमीचा, म्हणजे हिंदी वळणाचा ‘श’ काढून देतो.

यांपैकी हार्फबझ आणि नोटो दोन्ही ओपन सोर्स आहेत. ‘हार्फबझ’ हे नाव फारसीवरून आले आहे. हर्फ म्हणजे अक्षर (आपल्याकडे ‘हरफ’ आहेच) आणि बाझ म्हणजे उघडे. या प्रकल्पाचा भार दीर्घकाळ प्रामुख्याने बेहदाद एस्फहबोद या मूळच्या इराणी तंत्रज्ञाने वाहिला. देवनागरीची जुळणी बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी लाखो देवनागरी शब्दांची यादी घेऊन प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीशी ताडून पाहिला जाई आणि किती शब्द चुकले याचा आकडा प्रत्येक बदलाबरोबर जाहीर नोंदवला जाई. ज्या भाषांसाठी हे सगळे चालले होते, त्या बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांना याची गंधवार्ताही नव्हती.

मग ओपन सोर्स म्हणजे नेमके काय?

ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. हा अधिकार लेखकाच्या तोंडी चांगुलपणावर नव्हे, तर परवान्यावर उभा असतो. जीपीएल परवाना सांगतो, की सुधारलेली प्रत वाटायची असेल तर सुधारणाही खुली ठेवा. एमआयटी परवाना तेवढी अट घालत नाही. फॉन्टसाठी ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ असा वेगळा परवाना आहे.

‘फुकट’ या शब्दाने इथे सर्वाधिक घोटाळा होतो. शिरोड्याच्या मिठागरांत समुद्राचे पाणी फुकट येते आणि ऊनही फुकट पडते. तरीही पावसाळा संपला की बांध दुरुस्त करावे लागतात, कोंड्यांचा तळ ठोकून घ्यावा लागतो, भरतीचे पाणी किती आत घ्यायचे याचे भान ठेवावे लागते. एक वर्ष कोणी फिरकले नाही तर मिठागराची दलदल होते. सॉफ्टवेअरची प्रत काढायला काही लागत नाही, पण नवे फोन येतात, जुने ब्राउझर बंद पडतात, सुरक्षेतल्या फटी सापडतात. कोड तसाच ठेवला तर तो दोन-तीन वर्षांत कुजतो. त्याचे बांध कोण घालतो?

मेंटेनरचे काम काय असते?

या माणसाला ‘मेंटेनर’ म्हणतात. मराठीत देखभालकर्ता म्हणता येईल, पण त्यातून झाडलोट करणाऱ्याचे चित्र उभे राहते. मेंटेनर हा प्रत्यक्षात कारभारी असतो. तो स्वतः कोड लिहितो ही समजूत अर्धीच खरी. प्रकल्प वाढला की त्याचा बहुतेक वेळ वाचण्यात जातो.

रोज तक्रारी येतात. त्यांना ‘इश्यू’ म्हणतात. त्यातल्या अनेक आधीच येऊन गेलेल्या असतात, काही दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या असतात, काहींत ‘चालत नाही’ याखेरीज काहीच लिहिलेले नसते. मग येतात ‘पुल रिक्वेस्ट’, म्हणजे कोणीतरी केलेला बदल मूळ प्रकल्पात घ्यावा अशी विनंती. मेंटेनर तो कोड ओळ न् ओळ वाचतो. त्याने काही जुने मोडते का, बाकीच्या कोडशी तो जुळतो का, चाचण्या लिहिल्या आहेत का, परवान्याला धरून आहे का, हे पाहतो. मग उत्तर लिहितो. पलीकडचा माणूस पहिल्यांदाच आलेला विद्यार्थी असेल तर उत्तर समजावून द्यावे लागते. बड्या कंपनीचा अभियंता असेल तर कधी कधी तोच समजावू लागतो. शिवाय नवी आवृत्ती काढणे, सुरक्षेची फट गुपचूप कळवणाऱ्याला प्रतिसाद देणे, दस्तऐवज अद्ययावत ठेवणे आणि दोन योगदात्यांच्या भांडणात मध्यस्थी करणे हेही त्याच्याच गळ्यात.

शेवटच्या कामाला कमी लेखता येणार नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची ईमेलमधली भाषा वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. इतकी वर्षे ‘कोड चांगला असला की पुरे’ अशी हवा होती. तिखट उत्तर वाचून पुन्हा न आलेल्या माणसांची मोजदाद कोणीच ठेवली नाही, ठेवताही आली नसती.

‘नाही’ म्हणणे इतके महत्त्वाचे का?

कारण घेतलेली गोष्ट परत देता येत नाही. कोणी एक सोय लिहून दिली, मेंटेनरने कौतुकाने घेतली आणि देणारा सहा महिन्यांत दुसरीकडे निघून गेला. ती सोय मोडली की तक्रार मेंटेनरकडेच येणार. दान मिळालेल्या गाईला रोजचा चारा आपणच घालायचा, तसे हे.

आपला अर्धा ‘र’ हे याचे घरचे उदाहरण. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. दुसरी पद्धत जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवली गेली. डोळ्यांना दोन्ही ‘किनाऱ्यावर’ सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला मजकूर दुसऱ्या पद्धतीने शोधला तर अनेकदा सापडतच नाही. हे आता मागे घेता येणार नाही. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही, असे युनिकोडचे धोरणच आहे. नाहीतर जगभरचे जुने दस्तऐवज एका रात्रीत बिघडतील. यामुळे अशा प्रकल्पांत कारभारी संथ आणि कधी हट्टी वाटतात. त्या हट्टामागे बहुतेकदा असा एखादा जुना होकार असतो.

नकाराचे ओझे अलीकडे फार वाढले आहे आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळणार होता. एका लोकप्रिय भारतीय यूट्यूब चॅनेलवर त्या कशा पाठवायच्या याचे प्रात्यक्षिक आले आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कोणी माहितीपत्रकात एखादे विशेषण वाढवले, कोणी फक्त स्वल्पविराम हलवला. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले : ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिला आहे, तिथलेच बदल मोजायचे. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रसिद्ध प्रकल्पावर विद्यार्थ्यांनी व्हिडिओ पाहून स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्यांचा असाच सपाटा लावला. मुलांना दोष देणे सोपे आहे. पण कॅम्पस मुलाखतीत ‘गिटहबवर योगदान किती’ हा प्रश्न विचारला जातो आणि कॉलेजात ते करायचे कसे हे कोणी शिकवत नाही, तेव्हा वेगळे काय होणार?

त्यात आता एआयची भर पडली आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्यासाठी असंख्य उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या ‘कर्ल’चे स्वीडिश मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ पासून वारंवार जाहीर तक्रार केली आहे, की एआयकडून लिहून घेतलेले, अस्खलित भाषेतले, पण पूर्णपणे काल्पनिक सुरक्षा अहवाल तपासण्यात त्यांच्या चमूचे तासन् तास वाया जातात. असा अहवाल लिहायला एक मिनिट पुरते. तो खोटा आहे हे सिद्ध करायला अर्धा दिवस जातो.

मार्च २०२४ मध्ये काय घडले?

‘एक्सझेड’ हे फाइल लहान करण्याचे एक साधे साधन. ते लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. म्हणजे बँकांच्या, सरकारांच्या, इस्पितळांच्या सर्व्हरवरही. फिनलंडचे लासे कॉलिन हे काम वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, पगाराविना करत होते.

२०२१ मध्ये ‘जिया तान’ नावाचे एक खाते आले. त्याने लहान लहान, चांगले बदल पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये काही वेगळीच नावे पत्रव्यवहारात उगवली. त्यातले एक ‘जिगर कुमार’ होते. नवी आवृत्ती का येत नाही, इतका उशीर का, मेंटेनरला रस उरला नसेल तर दुसऱ्याकडे का देत नाही, असा त्यांचा तगादा. कॉलिन यांनी त्या वेळी उघडपणे लिहिले, की आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हे काम बिनपगारी छंद म्हणून चालले आहे. तगादा लावणारी ही नावे त्यानंतर गायब झाली. ती बनावट असावीत आणि त्यांचे काम फक्त दबाव आणणे एवढेच असावे, असे आता मानले जाते.

थकलेल्या माणसाला मदतीला आलेला माणूस देवासारखा वाटतो. जिया तानला हळूहळू अधिकार मिळाले. पुढे तोच नव्या आवृत्त्या काढू लागला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आड चोरवाट लपवलेली होती. ती प्रत्यक्षात उघडणारा तुकडा सर्वांसमोर असलेल्या कोडमध्ये नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यातच घातलेला होता. ती आवृत्ती सगळीकडे पसरली असती, तर दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याची किल्ली एका अज्ञाताच्या हाती गेली असती.

ती पसरली नाही, याचे श्रेय अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याच्या चिकाटीला. दुसऱ्याच कामासाठी वेग मोजताना सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदासाठी कोण डोके खाजवते? त्यांनी खाजवले आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळा प्रकार जाहीर केला. तोवर चोरवाट डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचली होती. जिया तान कोण, हे आजही उघड झालेले नाही.

या प्रकरणाकडे बहुतेक ठिकाणी हेरगिरीची गोष्ट म्हणून पाहिले गेले. त्यातला कोडचा भाग खरोखरच चतुर होता. पण फट कोडमध्ये पडण्याआधी दीड-दोन वर्षे ती कारभारात पडली होती : एकच मेंटेनर, वारसदार नाही, मदत मागायला संस्था नाही आणि ‘लवकर करा’ म्हणणारी माणसे भरपूर.

मग निर्णय घ्यायचा कोणी?

वेळागरला रापण लागते तेव्हा दोर ओढायला पुष्कळ हात असतात. पण जाळे कधी आणि कुठे टाकायचे, हे सगळ्यांनी मिळून ओरडून ठरत नाही. ओपन सोर्समध्येही हा प्रश्न सुटल्याशिवाय प्रकल्प मोठा होत नाही. उत्तरे मात्र निरनिराळी आहेत.

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली आणि जवळजवळ तीन दशके अंतिम शब्द त्यांचा होता. जुलै २०१८ मध्ये एका छोट्या चिन्हावरून, म्हणजे दोन टिंबे आणि बरोबरचे चिन्ह मिळून होणाऱ्या नव्या खुणेवरून, इतका कडवट वाद झाला की तो निर्णय मंजूर करून व्हान रॉसम यांनी पद सोडले. वारसही नेमला नाही. पुढे काय, हे योगदात्यांनीच अनेक महिने चर्चा करून मतदानाने ठरवले आणि २०१९ च्या सुरुवातीपासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ कारभार पाहते.

डेबियनने हा रस्ता फार आधी धरला. १९९८ पासून त्यांची लिखित घटना आहे आणि प्रकल्पाचा नेता दर वर्षी मतदानाने निवडला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली होती. लिनक्स कर्नेलमध्ये शेवटचा शब्द टोरवाल्ड्स यांचा. पण प्रत्येक भागाला स्वतंत्र मेंटेनर आहेत आणि बदल त्यांच्या चाळणीतूनच वर जातात.

आणि अजिबात पटलेच नाही तर? मग ‘फोर्क’, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळी चूल. २०१० मध्ये ओपनऑफिसची मालकी ओरॅकलकडे गेल्यावर अस्वस्थ योगदात्यांनी लिब्रेऑफिस काढले. आज बहुतेकांना तेच माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलताच काही दिवसांत वाल्की जन्माला आले. वेगळी चूल मांडता येते, ही भीतीच मालकांना बऱ्याचदा सरळ ठेवते. पण चूल मांडणे सोपे, रोज पेटवणे अवघड. बहुतेक फोर्क वर्षभरात विझतात.

महाराष्ट्रात असे काय चालले आहे?

सर्वात मोठे उदाहरण मुंबईचे. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाचे हिशेब, साठा आणि ऑर्डरी सांभाळण्याच्या गरजेतून एक प्रणाली बांधायला घेतली. २००८ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुले झाले. त्याखालचा फ्रॅपे हा पाया एमआयटी परवान्याखाली आहे. आज अनेक देशांतले कारखाने, शाळा आणि दुकाने ते वापरतात. कोड फुकट, कंपनी कमावते ती सर्व्हरवर ते चालवून देण्यातून. नाव मात्र खुले नाही. कोड घेऊन कोणीही आपली सेवा सुरू करू शकतो, पण ‘ईआरपीनेक्स्ट’ हे बोधनाम वापरायचे तर त्याचे नियम पाळावे लागतात. यात दुटप्पीपणा नाही. बिघडलेली प्रत त्याच नावाने विकली गेली तर तक्रारी मूळ चमूकडेच येणार. फायरफॉक्सच्या नावावरून मोझिला आणि डेबियन यांचे असेच वाजले होते आणि २००६ पासून दहा वर्षे डेबियनमध्ये तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने मिळत होता.

अशा कंपनीपुढचा खरा पेच वेगळा असतो. गिऱ्हाईक पैसे देऊन एक सोय मागते, समुदायाला दुसरीच हवी असते आणि दोन्ही पुल रिक्वेस्ट एकाच माणसाच्या टेबलावर पडलेल्या असतात. कंपनीच्या वेळापत्रकाने काम होत राहिले की बाहेरच्यांना वाटते, आपण फुकटचे तपासनीस आहोत. ही कुरकुर कंपनीच्या आधाराने चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात ऐकू येते.

पुण्याचा वाटा अक्षरांत आहे. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील तंत्रज्ञांनी ‘लोहित’ हे भारतीय भाषांचे फॉन्ट वर्षानुवर्षे सांभाळले. एके काळी लोहित मराठी, लोहित हिंदी आणि लोहित कोंकणी असे फॉन्ट वेगवेगळे होते. पुढे सगळे एका लोहित देवनागरीत आणले गेले. एकच चूक तीन-चार ठिकाणी दुरुस्त करत बसायचे, की एकाच फॉन्टमध्ये भाषेनुसार रूप बदलायची सोय करायची? फॉन्टच्या तंत्रात ही सोय आहे आणि त्यामुळेच एकाच फाइलमध्ये मराठीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’ नांदू शकतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने काढलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे खुले फॉन्ट आज कितीतरी मराठी संकेतस्थळांवर आणि लग्नपत्रिकांवरही दिसतात.

भाषांतराचा किस्सा तर खास मराठी आहे. फायरफॉक्स, ग्नोम किंवा लिब्रेऑफिस मराठीत आणायचे तर हजारो छोटी वाक्ये भाषांतरित करावी लागतात. एकाने ‘फाइल’ लिहिले, दुसऱ्याने ‘धारिका’, तिसऱ्याने ‘संचिका’. तिघेही आपापल्या जागी बरोबर. पण तीन ॲप्समध्ये तीन शब्द दिसले की वापरणारा पुन्हा इंग्रजीकडे वळतो. हा घोळ मिटवण्यासाठी ‘फ्यूएल’ या प्रकल्पाने नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या ठरलेल्या याद्या भारतीय भाषांसाठी केल्या, मराठीसाठीही. शब्द ठरवायला कोड लागत नाही. लागते ती एका टेबलाभोवती बसून वाद संपवण्याची तयारी. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, सिम्बायोसिसच्या संस्थेत ‘ग्नुनिफाय’ हा मेळावा अनेक वर्षे भरत असे. अशा जागी ओळख झालेली माणसे एकमेकांना पुढे ‘हा शब्द बदल रे’ असे सांगू शकतात. पडद्यावरून तेच सांगितले की भांडण होते.

पैसा येतो कुठून?

थोडक्यात सांगायचे तर, पुरेसा येत नाही. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही फट उघड झाली तेव्हा इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच जण होता, हे जगाला कळले. त्यानंतर बड्या कंपन्यांनी निधी उभा केला. भारतात झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण केले. पण वापरणे आणि सांभाळणे यांत फरक आहे आणि धोरणाचा रोख मुख्यतः वापरण्यावर आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. ओपन सोर्सला आधार देणाऱ्या संस्थांसाठी त्यात वेगळी, सौम्य वर्गवारी आहे. जबाबदारी विकणाऱ्याची, फुकट लिहिणाऱ्याची नाही, हे कायद्याने मान्य करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न.

फोन वापरणारा काय करू शकतो?

कोड लिहिता येत नसेल तरी चांगली तक्रार लिहिता येते, आणि मराठीसाठी तिचीच टंचाई आहे. मराठी न येणाऱ्या मेंटेनरला आपला ‘श’ चुकला आहे हे दिसणारच नाही.

आधी फोनची भाषा मराठी करून पाहावी. तेवढ्याने ‘श’ आणि ‘ल’ सुधारले, तर चूक फॉन्टची नाही. मजकुराची भाषा न सांगणाऱ्या ॲपची किंवा संकेतस्थळाची आहे. एकाच ॲपमध्ये बिघाड दिसत असेल तर तक्रार त्या ॲपकडे करावी, सगळीकडे दिसत असेल तर फॉन्ट किंवा जुळणीच्या प्रकल्पाकडे. तीच तक्रार आधी कोणी केली आहे का, हे शोधावे. असेल तर खाली ‘मलाही’ असे लिहिण्यापेक्षा आपला फोन कोणता आणि आवृत्ती कोणती, ही नवी माहिती द्यावी. ‘कधी होणार?’ हा प्रश्न टाळावा. एक्सझेडच्या मेंटेनरला तोच विचारला जात होता.

स्क्रीनशॉट द्यावा, पण शब्द टाइप करूनही द्यावा, कारण चित्रातून अक्षरांचे क्रमांक कळत नाहीत. बाकी मजकूर साध्या इंग्रजीत लिहावा आणि मराठी शब्द देवनागरीतच ठेवावेत. काय दिसते आणि काय दिसायला हवे, हे शेजारी शेजारी मांडावे. अर्ध्या ‘र’ची तक्रार असेल तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी पाठवावी आणि एकाचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा दोन डोंगरांमधली खोलगट जागा, एवढे लिहावे. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसत असतील तर चूक कुठे आहे, हे टोरांटोत बसलेल्या, मराठी कधीही न ऐकलेल्या माणसालाही पहिल्याच नजरेत कळते.